दौलतभाऊंची कोंबडी

परवा आमच्या देऊळघाटच्या गल्लीतून प्रचाराची रिक्षा गेली आणि तिच्या भोंग्यातून मेलेला माणूस बोलला. मी तव्यावर भाकर टाकत होते. आधी म्हातारीचा खोकला आला, मग 'अहो, त्या कोंबडीले उठवू नका' हे वाक्य, मग म्हाताऱ्याचं रडवेलं उत्तर. दोन्ही आवाज एकाच माणसाचे. नव्या उमेदवाराचं नाव तेवढं मध्येच कुण्या पोराच्या आवाजात घुसवलेलं, जुन्या सदऱ्याला भलत्याच रंगाचं ठिगळ लावावं तसं. समोरच्या घरातली सून खदाखदा हसली. तिला बिचारीला काय माहीत. मी खिडकी धाडकन लावली, आणि तेवढ्यात भाकर करपली.

दौलतभाऊ इंगळेंना जाऊन दुसरं वर्ष लागलं. माणूस गेला की त्याचा फोटो भिंतीवर जातो, फोटोला हार पडतो, ते ठीक आहे. पण गेलेल्या माणसाला रिक्षात घालून गावोगाव मतं मागायला पाठवायचं, याला काय म्हणावं? आणि तेही त्या कोंबडीसकट! त्या कोंबडीने त्यांचं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून माझं डोकं फिरतं.

आमची ओळख बुलढाण्यातल्या सरकारी रेडिओच्या छोट्या केंद्रावर झाली. आम्ही दोघंही तिथले नैमित्तिक उद्घोषक. नाव भारदस्त आहे, अर्थ एवढाच की महिन्यातून ठरावीक ड्युट्या करायच्या, तेवढ्याचं मानधन घ्यायचं आणि बाकीचे दिवस पोटासाठी दुसरं काहीतरी पाहायचं. मी देऊळघाटच्या शिंप्याची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. आवाजाच्या परीक्षेला गेले तेव्हा माझं नाव नसीम शेख ऐकून तिथल्या एका बाईंनी विचारलं की उर्दू कार्यक्रमासाठी आला आहात का. मी जरा तिखटपणेच नाही म्हटलं. बाहेर बाकावर एक उंच, काटकुळा माणूस ओवा चघळत बसला होता. परीक्षा देऊन बाहेर आले तर म्हणाला, "दारामागून ऐकलं मी. आमच्या पोट्ट्याईले मराठी शिकव वं माय थोडं." हे दौलतभाऊ. मूळचे लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचे, पण आयुष्य बुलढाण्यात गेलं. मी शाळेत जायच्या आधीपासून ते त्या केंद्रावर बोलत होते.

पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. खिशात एक चपटी डबी, तिच्यात ओवा आणि खडीसाखर. ड्युटीच्या बऱ्याच आधी येऊन बसायचे. स्टुडिओत शिरण्याआधी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकायचे, किल्ल्या बाहेरच्या टेबलावर ठेवायचे, खिशातली चिल्लरसुद्धा काढून ठेवायचे. माइकला सगळं ऐकू जातं, म्हणायचे, तुमच्या पोटात गुडगुडलं तरी त्याला कळतं. नव्या पोरांना हे ऐकून हसू यायचं. मला पहिल्या दिवशी माझ्या बांगड्या काढायला लावल्या तेव्हा मलाही राग आला होता.

महत्त्वाची कोणतीही गोष्ट ते दोनदा वाचायचे, आणि दुसऱ्यांदा हळू. वेळ वाया जातो म्हणून साहेब कुरकुर करायचे. दौलतभाऊंचं म्हणणं असं, की पहिल्या खेपेला माणूस घरातल्यांना फक्त गप्प बसा म्हणतो. ऐकतो तो दुसऱ्या खेपेला. एकदा मी विजांचा इशारा एकदाच वाचून गाणं लावलं, तर त्यांनी काचेपलीकडून दोन बोटं वर करून दाखवली आणि मी गाणं मध्येच खाली घेऊन पुन्हा वाचेपर्यंत ती बोटं खाली आली नाहीत.

त्या माणसाजवळ दोन मराठी होत्या. माइकसमोर बसले की अशी स्वच्छ, सावकाश भाषा, की पुण्याच्या माणसालाही नाव ठेवायला जागा नाही. लाल दिवा विझला की 'चाल वं नसीम, चहा पिऊन राह्यलो आपुन.' संध्याकाळी आमचा एक तासाचा स्थानिक कार्यक्रम असायचा, 'शिवारवाट' नावाचा. कपाशीवरची कीड, बाजार समितीचे भाव, कुठला रस्ता बंद, कुठल्या गावात डोळ्यांचं शिबिर, मध्ये लोकांनी मागितलेली गाणी. बाकी दिवसभर कुठून कुठून मोठ्या शहरांतलं प्रसारण जोडलेलं असे. तो एक तास आमचा. दौलतभाऊ त्या तासासाठी जगायचे असं म्हटलं तर ते चिडले असते, पण खरं आहे.

पोट मात्र त्यावर भरत नव्हतं. पोट भरायचं दुसऱ्या आवाजावर. अस्लमभाईच्या मंडप-साउंडच्या दुकानामागे एक खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथे दौलतभाऊ जाहिराती भरायचे. साडीचा सेल, कुलरचं दुकान, सर्कस. आणि निवडणूक आली की प्रचार. त्यासाठी त्यांनी एक जोडपं तयार केलं होतं, गयाबाई आणि तिचा नवरा सोपान. गयाबाई फटकळ, सोपान भित्रा. दोघांचं भांडण लागायचं आणि भांडणातून उमेदवाराची निशाणी बाहेर पडायची. दोन्ही आवाज ते एकटेच काढत, मान डावीकडे वळवली की गयाबाई, उजवीकडे वळवली की सोपान. रेडिओच्या उद्घोषकाने प्रचार करायचा नाही असा नियम होता, म्हणून निवडणुकीच्या दिवसांत ते एकही ड्युटी घेत नसत. नियम मोडला नाही कधी. पण गंमत बघा, गावाला हे कळलंच नव्हतं की रेडिओवरचे दौलत इंगळे आणि रिक्षातली गयाबाई एकच. भाषाच वेगळी, तर माणूस एक कसा वाटेल?

पक्षाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. जो येईल त्याची जाहिरात करायचे, एकाच निवडणुकीत समोरासमोरच्या दोघांचीही. अस्लमभाई म्हणायचा, भाऊ, हे बरं दिसत नाही. ते म्हणायचे, मतं त्यांची, म्हातारी माझी. एकदा मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी दोन विरोधी उमेदवारांच्या रिक्षा समोरासमोर आल्या. दोन्हींत गयाबाई. एक म्हणते यालाच निवडून द्या, दुसरी म्हणते याला दाराशी उभा करू नका. दुसरं गाव असतं तर हाणामारी झाली असती. इथे ते दोन्ही रिक्षावाले एकमेकांचे साडू निघाले. त्यांनी भोंगे एकमेकांकडे वळवले, आणि एक बंद करून दुसरा, दुसरा बंद करून पहिला, असं गयाबाईचं गयाबाईशी भांडण लावून दिलं. अख्खा बाजार जमला. भाजीवाल्या बायका तराजू सोडून उभ्या राहिल्या. दौलतभाऊ चहाच्या टपरीमागे उभे होते; प्रत्येक जाहिरात ते अशीच बाजारात लपून ऐकायचे, लोक कुठे हसतात आणि कुठे नुसतं बघतात ते पाहायला. त्या दिवशी म्हणे त्यांना इतकं हसू आलं की चहा अंगावर सांडला.

विनोदाला त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाचं नाव कमलवहिनी. बायकोला ऐकवल्याशिवाय कोणतीही जाहिरात बाहेर जायची नाही. आता कुणालाही वाटेल की ती हसली की जाहिरात पास. उलटं होतं. कमलवहिनी हसली की जाहिरात रद्द. वहिनींची जीभ म्हणजे विळा. कुणाला काही लागलं, कुणाचं उणं निघालं, की त्या हसायच्या, एरवी नाही. तेव्हा त्या हसल्या याचा अर्थ वाक्य कुणाच्या तरी वर्मी बसलं. "हे हसली म्हणजे कोनाले तरी लागलं," असं म्हणून ते कागद फाडायचे. वहिनी यावर मला म्हणाल्या होत्या, माझं हसू म्हणजे यांचा काचणारा जोडा, जिथं लागतं तिथं यांना कळतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या विनोदावर मोकळं हसायला मिळालं नाही, ही त्यांची तक्रार खरीच होती.

आता पुराचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका वर्षी सप्टेंबरात असा पाऊस कोसळला की पैनगंगा आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आली. माझी संध्याकाळची ड्युटी होती, दौलतभाऊंसोबत. देऊळघाटच्या अलीकडचा फरशीपूल पाण्याखाली गेल्याचा निरोप पोलिसांकडून आला. दुपारपासून वीज नव्हती, आणि आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचे टॉवरही गप्प होतात. केंद्राला जनरेटर, म्हणून आम्ही चालू. घरी अब्बा एकटे. ते शिलाई मशीनवर बसायचे आणि मशीनच्या फळीवर त्यांचा सेलवरचा रेडिओ. मी वेळेत घरी आले नाही की ते रस्त्यावर येऊन उभे राहतात, आणि त्या संध्याकाळी रस्त्यावर पाणी होतं. ते मला शोधायला पुलाकडे निघतील या विचाराने मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. सरकारी रेडिओवरून घरगुती निरोप देता येत नाही, हा पक्का नियम. मी विचारलंसुद्धा नाही. दौलतभाऊंनी पुलाची बातमी वाचली, दोनदा. मग ओवा तोंडात टाकला, आणि त्या स्वच्छ भाषेत म्हणाले, "आजच्या प्रसारणात माझ्यासोबत आहेत नसीम शेख. आज रात्री त्या इथेच आहेत." थोडं थांबले आणि तेच पुन्हा म्हणाले, हळू. नियम काय मोडला? सोबत कोण आहे ते तर सांगावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले तर अब्बा शांतपणे कुणाच्या तरी कुर्त्याची बाही जोडत होते. म्हणाले, तुझ्या दौलतने सांगितलं होतं की. तेवढंच. त्यानंतर अब्बांच्या दृष्टीने रेडिओ म्हणजे दौलत, बाकी सगळं मधलं गाणं-बजावणं.

आणि त्याच माणसाने ती कोंबडी बसवली.

विधानसभेची निवडणूक होती. उभे राहिलेल्यांत एक भैयासाहेब. त्यांना सगळे तसंच म्हणायचे. समोर जे निवडून आलेले जुने आमदार होते, ते भाषणांत सांगत फिरत होते की जिल्ह्याच्या रेडिओ केंद्राला मी निधी आणला, नवा ट्रान्समीटर आणला. भैयासाहेबांच्या माणसांनी दौलतभाऊंना गाठलं आणि म्हणाले, या निधीवर काहीतरी झणझणीत करा. गावाला रस्ता नाही आणि यांनी रेडिओ आणला, असं काहीतरी.

दौलतभाऊंनी एका बैठकीत लिहून काढलं. सोपान माळ्यावरचा जुना रेडिओ काढायला जातो. गयाबाई ओरडते, अहो, त्या कोंबडीले उठवू नका. रेडिओच्या रिकाम्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. सोपान विचारतो, मग रेडिओ ऐकते कोण? गयाबाई म्हणते, कोंबडीच ऐकते ना, आमदारांनी तिच्यासाठी तर एवढा निधी आणला. त्यावर सोपान काकुळतीने विचारतो, मग बातम्या ऐकून अंडी मोठी होतील का वं? आणि मग निशाणी.

मी तेव्हा अस्लमभाईच्या खोलीत होते, माझी एक साडीची जाहिरात भरायची होती. मी पोट धरून हसले. अस्लमभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दौलतभाऊ कानावरचा हेडफोन काढून म्हणाले, "आज कमलही हसली. लय हसली." अस्लमभाईचा हात बटणावर थांबला. नियम त्यालाही माहीत होता. विचारलं त्याने, काढून टाकू का. दौलतभाऊंनी फाडायला कागद हातात घेतला, परत खाली ठेवला. मग म्हणाले, "राहू दे. हे लागन तं कोनाले लागन? रेडिओ काय मानूस आहे?"

त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर ते वाक्य फाडवत नव्हतं. इतकी वर्षं एवढं चांगलं काही त्यांच्या हातून उतरलं नव्हतं, आणि कलावंत माणूस, किती दिवस स्वतःचं चांगलं फाडत राहील?

कोंबडी जिल्हाभर गेली. रिक्षातून निघून ती मोबाइलवर आली, लग्नाच्या पंगतीत आली, शाळेच्या स्नेहसंमेलनात आली. एसटीत कंडक्टर आमच्या केंद्राच्या थांब्याला 'कोंबडी स्टॉप' म्हणायला लागला. भैयासाहेब निवडून आले. ते कोंबडीमुळे आले असं मी म्हणत नाही, पण गुलालात एकाने खरी कोंबडी नाचवली होती. दौलतभाऊ पहिले काही दिवस खूश होते. कंडक्टरचं ते ऐकून मला डोळा मारायचे. ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून ते मला सांगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात वरून पत्र आलं. खर्च कमी करायचा आहे, लहान केंद्रांवरचे स्थानिक कार्यक्रम बंद करून सगळीकडे एकच प्रसारण जोडायचं आहे. तत्पूर्वी लोकप्रतिनिधी आणि श्रोते यांचं मत घ्यावं. म्हणजे शिवारवाटचा तो एक तास जाणार की राहणार, ते ठरणार होतं. दौलतभाऊंनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हळू.

बैठक नगरपालिकेच्या सभागृहात झाली. मंचावर बाहेरून आलेले साहेब, भैयासाहेब, खाली शंभरेक लोक. बोलणारे सगळे काही वेडगळ बोलत नव्हते, हे मी मान्य करते. एक व्यापारी म्हणाला, खाजगी रेडिओ जाहिरातींवर चालतो, मग सरकारीच का लोकांच्या करावर चालावा. एक तरुण शिक्षक म्हणाला, हवामान मोबाइलवर मिळतं, भाव मोबाइलवर मिळतात. एकाने विचारलं, सरकारच्या पैशावर चालणारा रेडिओ सरकारला नावं ठेवणार का? तर मग तो कुणाचा? साहेबांनी सुचवलं की केंद्राने स्वतः जाहिराती मिळवाव्यात. तेव्हा दौलतभाऊ उभे राहिले.

ते रेडिओच्या मराठीत बोलले. म्हणाले, जाहिरातीचं अन्न मी आयुष्यभर खाल्लं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण जाहिरातीत मी तेच बोलतो ज्याचे कुणीतरी पैसे दिलेले असतात. पूल पाण्याखाली गेला, हे सांगायचे पैसे कोण देणार? पुलाला दुकान नसतं. ज्या दिवशी वीज नसते, टॉवर नसतो, त्या दिवशी... आणि इथे मागच्या रांगेतून कुणीतरी कोंबडीचा आवाज काढला.

अख्ख्या सभागृहात हशा पिकला. साहेबांना काही कळेना, म्हणून भैयासाहेबांनी हसत हसत त्यांना ती गोष्ट सांगितली, अगदी सोपानच्या आवाजात. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या मनात दौलतभाऊंना दुखवायचं नव्हतं. समोर उभा आहे तोच गयाबाई आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या माणसांनी परस्पर काम दिलं होतं. शेवटी तो म्हणाला, साहेब, हे मी नाही म्हणत, आमचे लोकच म्हणतात, रेडिओ कोंबडी ऐकते. साहेबांनीही हसत मान हलवली. दौलतभाऊ उभेच होते. हात टेबलावर ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून हवेत थोडे पुढे आलेले. मग ते बसले. पुढचं वाक्य राहूनच गेलं.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना म्हटलं, सांगून टाकायचं होतं की ते तुमचंच आहे. म्हणाले, "सांगतलं असतं तं लोक आनखी हसले असते वं. टाळ्या वाजवल्या असत्या." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला, कोणाचा ते ठरवता येईना.

निर्णय यायला काही आठवडे होते. लोकांची मतं लेखी पाठवायची मुदत होती. दौलतभाऊंनी एक वेड घेतलं. अस्लमभाईकडून रिक्षा आणि भोंगा घेतला, गयाबाईला पुन्हा उभं केलं. या वेळी गयाबाई सांगते की बाप्पा, माह्या तोंडून खोटं निघालं. कोंबडी कुठे बसली नव्हती, मी रोज संध्याकाळी रेडिओ ऐकते. तुम्हीही ऐकत असाल तर दोन ओळी लिहून पाठवा, नाही तर तो बंद होईल. वहिनींना ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. दौलतभाऊंना वाटलं, जमलं.

मोताळ्याच्या बाजारात मी त्यांच्यासोबत गेले होते. रिक्षा वडापाशी लावली. गयाबाईचा खोकला वाजला आणि लोक धावत आले. 'खोटं निघालं' म्हणताच हसले. 'रेडिओ बंद होईल' म्हणताच अजून हसले. कोंबडीचं काय होईल, असं एकाने विचारलं. जितकं ते रडवेलं, तितकं लोकांना गमतीदार. दौलतभाऊंनी टपरीमागून बघितलं आणि भोंगा बंद करायला लावला. मग स्वतः माइक हातात घेतला, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि रेडिओच्या आवाजात बोलायला लागले, नमस्कार, मी दौलत इंगळे. लोकांनी इकडे तिकडे पाहिलं. गयाबाई कुठे गेली म्हणून दोघे-तिघे निघून गेले. ते पुराबद्दल बोलले, इशाऱ्यांबद्दल बोलले, दोनदा बोलले. मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली एक म्हातारी फार लक्ष देऊन ऐकत होती. तिला सगळं पटत असावं, कारण ती मान डोलावत होती. बोलून झालं तेव्हा तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मनापासून विचारलं,

"सांगतलं बरं बापा तू. पन हे कोन्या पार्टीचं आहे?"

दौलतभाऊंनी खिशातलं घड्याळ काढून पुन्हा हातात बांधलं. तिचं काय चुकलं? रिक्षा, भोंगा आणि हा आवाज म्हणजे मागे कुणीतरी पैसे देणारा आहे, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. परतीच्या वाटेवर आम्ही राजूर घाट चढलो. वर आल्यावर डबी उघडून मला खडीसाखर दिली, स्वतः घेतली नाही.

शिवारवाट बंद झाला. शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण करायचं नाही असा तोंडी आदेश होता. त्यांनी भाव वाचले, हवामान वाचलं, एक गाणं लावलं, आणि रोजच्यासारखं 'आपल्यासोबत होता दौलत इंगळे' म्हणून लाल दिवा विझू दिला. हे वाक्य मात्र एकदाच. मला रडू आलं, आणि त्यांनी मला रडू नको म्हटलं नाही. घरी अब्बांना सांगितलं की कार्यक्रम बंद झाला. त्यांना ते पटलं नाही. सरकार कंजूष आहे पण एवढं नाही, म्हणाले, आणि रोज त्या वेळेला रेडिओ लावत राहिले. कुठल्या तरी मोठ्या शहरातली गाणी वाजायची. ते वाट पाहायचे.

दौलतभाऊंनी त्यानंतर अस्लमभाईच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. निवडणुका आल्या, माणसं आली, भाऊंनी त्यांना गयाबाई मेली म्हणून सांगितलं. जुनं रेकॉर्डिंग होतंच लोकांजवळ. तेच कापून-जोडून वाजत राहिलं. घसा बरा होता. बोलणंच कमी झालं होतं. वहिनी मला म्हणाल्या, हे आता घरातही सगळं एकदाच सांगतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परतीच्या पावसात. मी तेव्हा बुलढाण्यात एका पतसंस्थेत कामाला लागले होते. दुपारपासून धो-धो सुरू झालं, वीज गेली, मग फोन गेले. मी पाचच्या काळीपिवळी जीपने गावाकडे निघाले. फरशीपुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली. आणि गाडीची काच खाली करायच्या आधी मला तो आवाज ऐकू आला.

"पुलावरून पाणी वाहत आहे. कृपया कुणीही पुलावर जाऊ नये. पुलावरून पाणी वाहत आहे."

डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, आत तो पांढरा शर्ट पार चिकटलेला. हातात माइक नाही, काही नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीजवळ जाऊन, काचेशी वाकून, दोनदा. पोलिस अजून आले नव्हते. इतकी वर्षं या पुलाची बातमी त्यांनीच दिली होती. आता द्यायला जागा नव्हती, म्हणून ते बसने स्वतःच येऊन उभे राहिले होते. मनगट मोकळं होतं. घड्याळ काढून खिशात टाकलेलं असणार.

मला पाहून जवळ आले. म्हणाले, आज घरी जाणं होत नाही, माझ्या घरी कमलकडे जा, ही गाडी परत वळेल तिच्यातच जा. मी हो म्हटलं. मी वळणार तेवढ्यात त्यांनी नदीपलीकडे गावाच्या दिशेला पाहिलं. अंधारून आलं होतं, घरं दिसत नव्हती.

"तुह्या अब्बाले कोन सांगन वं आता?"

मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ, समजतील ते. पण ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. आणि ओरडले नाहीत ते. ओरडायचं कसं ते त्यांना येतच नव्हतं. त्या स्वच्छ, सावकाश आवाजात त्यांनी त्या गढूळ पाण्याला सांगितलं, आज माझ्यासोबत आहेत नसीम शेख. आज रात्री त्या इथेच आहेत. पाण्याचा आवाज एवढा होता की मला, पाठीमागे उभ्या असलेल्या मला, अर्धंच ऐकू आलं. रांगेतल्या गाड्यांमधून लोक उतरून बघत होते. कुणी हसलं नाही. मग ते थोडे थांबले आणि पुन्हा म्हणाले, हळू.

मी गाडीत बसले तेव्हा ते पुढच्या ट्रकच्या काचेशी वाकलेले होते. दिवाळीनंतर ते गेले, झोपेतच. मी तेव्हा अब्बांना घेऊन औरंगाबादच्या दवाखान्यात होते, मातीला पोचता आलं नाही.

पण त्या पुराच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. पाणी उतरल्यावर मी घरी आले. अब्बा दारातच बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. ते निघाले होते मला शोधायला. शेजाऱ्यांनी नदीजवळून ओढून आणलं होतं. रेडिओ मांडीवर होता, सेल संपत आल्याने आवाज बारीक झालेला, कुठलं तरी गाणं चालू. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"रातभर चालू रक्खा. दौलत कुछ बोल्याच नै."

मी त्यांच्या हातातून रेडिओ घेतला आणि बंद केला.

"बोलले, अब्बा. दोनदा बोलले."